उधारीची वही अन् 'आमची ऋणे सोड', एकाच गल्ल्यावर दोन्ही कसं चालवायचं?

कृषीकेंद्रवाला

सलाम सगळ्यांना. लई दिवसापासून मनात होतं, आज दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून टाइप करतोय. जालना जिल्ह्यात माझं बी-बियाणं, खत, औषधाचं दुकान आहे. गावाचं नाव सांगत नाही, छोटं आहे, लगेच ओळखतेल. आजोबापासून आम्ही ख्रिस्ती. दर रविवारी चर्चला जातो, विश्वासांगीकार तोंडपाठ आहे, देव माणूस झाला, आपल्या पापासाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे सगळं मनापासून मानतो. पण सोमवारी शटर वर केलं की हे सगळं कुठं जातं तेच कळत नाही.

आता मेन मुद्दा. एक मामा आहेत, रक्ताचे नाही, गावनात्यानं. माझ्या वडलांपासूनचं गिऱ्हाईक. तीन एकर कोरडवाहू. त्यांच्याकडं ३८,४०० बाकी आहे. २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात त्यांचं सोयाबीन उभ्या उभ्या सडलं, शेंगातच कोंब फुटले होते, मी स्वतः बघून आलो होतो. म्हणून दिवाळीपर्यंत एक शब्द काढला नाही. मग दिवाळीनंतर बाजारच्या दिवशी बघतो तर काय, मामा हरभऱ्याची बॅग डोक्यावर घेऊन चाललेत, दुसऱ्या दुकानाची, अन् रोखीनं! माझं डोकंच सरकलं. तिथंच हॉटेलसमोर चार माणसं बसलेली असताना म्हणलं, काय मामा, उधारीला आम्ही अन् रोखीला दुसरे का? ते काहीच बोलले नाही. बॅग खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली, बॅग उचलली अन् चालू लागले.

त्याच्या पुढच्या रविवारी प्रभूची प्रार्थना चालू होती अन् 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथं आलो अन् माझं तोंडच बंद पडलं. बायकोनं वळून बघितलं. आपल्या मराठी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, शब्दच ऋण आहे हो, अपराध बिपराध असता तर काहीतरी पळवाट तरी काढली असती.

तर प्रश्न असा की सोडून द्यायचे का पैसे? का हे सगळं आध्यात्मिक अर्थानं घ्यायचं असतं? सोडले तर उद्या अख्खं गाव रांगेत उभं राहील, वर माझ्याच डोक्यावर डिस्ट्रिब्युटरचं देणं आहे, पोरीची फी आहे. पाळकसाहेबांना विचारलं नाही, कारण त्यांच्याकडं पण माझी थोडी बाकी आहे, त्यांना वाटायचं टोमणा मारतोय.

गोदाकाठ

भाऊ मी तुमच्या धर्मातला नाही, आमच्या घरात माळ आहे, पण दुकानदार आहे म्हणून लिहितो. तुकोबांच्या घरी सावकारी होती हे सगळ्यांना माहीत आहे. दुष्काळानं घर धुऊन नेलं, त्याच्यानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. पण त्यातला एक भाग लोक विसरतात, की बुडवायच्या आधी खतांची वाटणी केली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, अन् फक्त स्वतःच्या वाट्याची बुडवली. म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर दानशूर झाले नाहीत. तुमच्या ३८ हजारात डिस्ट्रिब्युटरचे किती अन् तुमचे किती हे आधी बघा. बुडवायचंच असलं तर तुमच्या वाट्याचं बुडवा.

बाकी येशूचं तुम्ही लोक सांगा, मी वाचतोय.

रिटायर_गुरुजी

गोदाकाठ साहेब, क्या बात. हे मला सुचलं नसतं.

कृषीकेंद्रवाले, तुझी अडचण वाचून बरं वाटलं, म्हणजे अडचण आहे म्हणून नाही, तर तोंड बंद पडलं म्हणून. पन्नास वर्षं ती प्रार्थना म्हणणारी माणसं आहेत, एकदा पण अडखळली नाहीत, त्यात मी पण आलो.

मत्तय १८ काढ. तो निर्दय चाकराचा दाखला सगळ्यांना माहीत आहे पण त्यातले आकडे कोणी मांडून बघत नाही. मी गणिताचा मास्तर, म्हणून मला तीच खोड. एका चाकराला राजाचे दहा हजार तालांत देणं. दुसऱ्या चाकराला त्या पहिल्याचे शंभर दिनार देणं. राजानं पहिल्याला सगळं सोडलं, पण त्यानं दुसऱ्याला सोडलं नाही, तुरुंगात टाकलं. दिनार म्हणजे त्या काळात गड्याची एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याच्या मजुरांच्या गोष्टीत येशूच सांगतो. आपल्याकडं आज रोजी ४०० धरली तर शंभर दिनार झाले ४०,०००. बघ, जवळपास तुझ्या मामाचीच बाकी! मला सांगायचं हे आहे की येशू त्या रकमेला किरकोळ म्हणत नाही. शंभर दिवसाची मजुरी कोणाला किरकोळ असते? लोक प्रवचनात सांगतात की दुसऱ्याचं देणं अगदीच क्षुल्लक होतं, मला ते पटत नाही. तुझं नुकसान खरं आहे, अन् येशूनं ते खरंच धरलं आहे.

आता पहिला आकडा. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आपल्या ४०० च्या हिशोबानं २,४०० कोटी रुपये. अन् तो चाकर राजाला काय म्हणतो, मला सांभाळून घ्या, मी सगळं फेडीन! वर्षात तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं लागतील त्याला. ऐकणारे लोक तिथं हसले असतील असं मला नेहमी वाटतं.

तर वधस्तंभावर विश्वास ठेवतो म्हणजे नक्की काय ठेवतो आपण? येशूचा प्रेषित पौल कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की आपल्याविरुद्धचं ऋणपत्र ख्रिस्तानं खोडलं अन् वधस्तंभाला खिळून टाकलं. शब्द बघ, ऋणपत्र. तुझ्याच धंद्यातला शब्द आहे. देवाच्या वहीत तुझं पान होतं, २,४०० कोटीचं, ते खोडलं गेलं, पण फुकट नाही खोडलं, कोणीतरी भरलं. माफी कधीच फुकट नसते, ज्यानं सोडलं त्याच्या खिशातून जाते, हे तुझ्यासारख्या दुकानदाराला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तुझा प्रश्न 'नियम काय आहे, सोडायचे का नाही' असा नाहीच. ज्याचं पान खोडलंय तो माणूस दुसऱ्याचं पान कोणत्या हातानं उघडतो, असा आहे. वही ठेवू नको असं कुठंच लिहिलेलं नाही.

अन् तुझी ती भीती, की उद्या सगळं गाव रांगेत येईल. त्याच्यावर एक मजा सांगतो. पहिलं करिंथ, म्हणजे पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र, अध्याय १५. पुनरुत्थानावर एवढं मोठं लिखाण पवित्र शास्त्रात दुसरीकडं नाही. ख्रिस्त उठला, आपण पण उठू, मरणा तुझी नांगी कुठं, सगळं कळसाला जातं, अन् पुढचा अध्याय १६ पहिल्याच वाक्याला काय, तर वर्गणीचं! आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीप्रमाणं बाजूला काढून ठेवा. मरणाला हरवलं अन् लगेच पैशाचं डबडं पुढं केलं. मला आधी हे विचित्र वाटायचं. आता वाटतं बरोबरच आहे, कारण माणूस मुठी आवळतो तो उद्याच्या भीतीनंच. अन् दुसऱ्या करिंथात (अध्याय ८) तोच पौल असंही म्हणतो की दुसऱ्यांना आराम अन् तुम्हाला ओढाताण असं मला नकोय, समानता पाहिजे. म्हणजे पोरीची फी बुडवून दान कर असं तो पण सांगत नाही.

जाता जाता, विषयाला सोडून आहे पण जालन्याचा आहेस म्हणून. आपल्याकडं रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, हा माणूस मूळचा ब्राह्मण, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा झालेला. त्यांनी नुसती प्रवचनं नाही केली, गाव वसवलं. गाव म्हणलं की विहीर आली, बांध आला, घेणंदेणं आलं. तिथल्या लोकांना पण हाच प्रश्न पडला असणार, रविवारचं सोमवारी कसं लावायचं.

उघडा_डोळा

गुरुजी छान लिहिलंय. पण मला कृषीकेंद्रवाल्याला एक साधा प्रश्न आहे. जुलैमध्ये युरिया कितीला विकला?

कृषीकेंद्रवाला

@उघडा_डोळा त्याचा इथं काय संबंध?

उघडा_डोळा

संबंध कसा नाही. ४५ किलोची गोणी, छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. टंचाई असताना आमच्या इकडं तीनशे, सव्वातीनशेला गेली, वरून एक बॅग युरिया पाहिजे तर सोबत एक बाटली टॉनिक घ्याच, लिंकिंग. पॉस मशीनवर (खताची विक्री नोंदवायचं मशीन) अंगठा घेऊन नोंद केली एका दरानं अन् हातात पैसे घेतले दुसऱ्या दरानं. मी देव मानत नाही पण माझी आई चर्चला न्यायची, झाडावर चढलेल्या बुटक्या जकातदाराची गोष्ट अजून लक्षात आहे. त्यानं काय केलं होतं येशू घरी आल्यावर? माफी मागितली नुसती? तुम्ही मामाला ३८ हजार सोडून मोठे व्हायचा विचार करून राहिलेत, पण मामाकडून अन् बाकी शंभर जणांकडून वरचे पन्नास-पन्नास घेतले असतील तर ते कोणाच्या वहीत आहेत?

पाथरीवाला

अरे अरे, एवढं तोडून नका बोलू. बिचारा मनातलं सांगून राहिला.

सिस्टरबाई

नाही, त्याचं बरोबर आहे, बोलू द्या. जक्कय त्याचं नाव, यरीहोचा, उंबराच्या झाडावर चढला होता. तो म्हणला अर्धी मालमत्ता गरिबाला देतो अन् ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. अन् गंमत अशी की येशूनं त्याला हिशोब विचारलाच नव्हता. येशू नुसता म्हणला, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. घरी पाहुणा आला अन् यानं स्वतःहून कपाट उघडलं.

मी मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते, आता रिटायर. मला धर्मशास्त्र जास्त येत नाही, पण बाळा एक विचारते, तू एवढं सगळं लिहिलंस त्यात पैशाचं चार वेळा आलं, टोपीचं एकदाच आलं. मला तर तुझ्या पोस्टमधून तेवढी टोपीच दिसली. म्हातारा माणूस, चार लोकात, बोलायला काही नाही म्हणून टोपी झटकतो. तुझं तोंड प्रार्थनेत बंद पडलं ते ३८ हजारामुळं नाही पडलं.

गुरुजींनी मत्तय १८ काढायला सांगितला ना, मग दाखल्याच्या थोडं वर वाच, १५ वं वचन. भावानं तुझा अपराध केला तर त्याच्याकडं जा अन् दोघंच असताना त्याला सांग. दोघंच असताना. तू हॉटेलसमोर सांगितलंस. त्यामुळं आता मामा तुझं देणं लागतात अन् तू पण मामांचं देणं लागतोस, अन् तुझं देणं तुला आजच फेडता येतं, त्याला सोयाबीन लागत नाही.

अन् दुसरं असं की रोखीनं दुसरीकडून का घेतलं याचा तू कधी विचार केलास का? दवाखान्यात आम्ही हे लई बघितलं. ज्याची बिलाची बाकी राहायची तो माणूस पुढच्या वेळी आमच्याकडं यायचाच नाही, अंगात ताप असला तरी दुसऱ्या गावाला जायचा, पैसे देऊन. लोकांना वाटायचं बघा कसा बेइमान. तो बेइमान नसायचा, त्याला आमच्या दारात उभं राहायची लाज वाटायची. एक बाई तर पोराला घेऊन तीन मैल चालत गेली होती दुसऱ्या डॉक्टरकडं, आमच्या गेटवरून!

आता नाताळ येतोय, तुम्ही लोक बांबू तासून चांदणी बनवताल, घरावर लावताल. ती चांदणी कशाची तर देव खाली आला याची. आपल्या लेव्हलला आला. लोकं त्याच्या दारात यायला लाजत होते म्हणून तोच त्यांच्या दारात गेला, एवढंच मला कळतं बाबा. तर मामा तुझ्या दुकानात येणार नाहीत. तू जा.

पाथरीवाला

सिस्टरबाई 🙏

माझा एक डाउट आहे पण. मामा गरीब आहेत ते ठीक. माझ्याकडं एक गिऱ्हाईक आहे, बुलेट घेतली, पोराच्या लग्नात डीजे लावला, अन् माझे ५५ हजार देत नाही, फोन उचलत नाही. त्याला पण क्षमा का? मग मी गाढवच की.

रिटायर_गुरुजी

@पाथरीवाला क्षमा म्हणजे त्याला पुन्हा उधार देणं नाही हो. मनात त्याचं वाईट चिंतायचं नाही, गावभर बदनामी करायची नाही, सूड उगवायचा नाही, हे झालं क्षमेचं. वसुलीसाठी सरळ मार्गानं मागणं, चार माणसं मध्ये घालणं, नोटीस देणं याला कोणी पाप म्हणलेलं नाही. त्याच मत्तय १८ मध्ये क्रम आहे, आधी एकटा जा, नाही ऐकलं तर दोघं-तिघं घेऊन जा, मग मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, सांग. ज्याला देता येत नाही अन् ज्याला द्यायचं नाही, ही दोन माणसं वेगळी. दाखल्यात पण राजानं शेवटी त्या पहिल्या चाकराला मोकळं सोडलं नाही, ते विसरू नको.

आणखी एक आठवलं म्हणून लिहितो. फिलेमोनाचं पत्र आहे, एकाच पानाचं. अनेसिम नावाचा गुलाम मालकाकडून पळालेला, पौल त्याला परत पाठवतो अन् मालकाला लिहितो की हा तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशोबात मांड, मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. पौल तेव्हा तुरुंगात, त्याच्याकडं काय होतं फेडायला कोणास ठाऊक. पण दुसऱ्याचं देणं आपल्या नावावर घ्यायचं हे तो कोणाकडून शिकला असेल ते सांगायला नको. मंडळीत कोणाची ऐपत असेल तर मामासारख्या एखाद्याच्या बाकीतले पाच हजार असं गुपचूप आपल्या नावावर मांडता येतात. आमच्या मंडळीत एकानं केलं होतं, कोणी ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गोदाकाठ

हे फिलेमोनाचं भारी आहे. वाचतो.

कृषीकेंद्रवाला

नऊ दिवसांनी लिहितोय. चार दिवस तर या थ्रेडकडं बघितलंच नाही, खरं सांगतो, उघडा_डोळा अन् सिस्टरबाईचा राग आला होता. मग झोप येईना.

गुरुवारी दिवस मावळताना मामांच्या घरी गेलो. वही घेऊन नाही गेलो, मोकळ्या हातानं. ते ओट्यावर बसून हरभऱ्याला पाणी द्यायचे पाइप जोडत होते. मला बघून उभेच राहिले, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस उभा राहिला. मी म्हणलं मामा बसा, पैशासाठी नाही आलो, त्या दिवशी लोकात बोललो ते चुकलं. ते म्हणाले चुकलं कुठं, खरंच होतं ते. मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. नंतर त्यांनीच सांगितलं. कालवड विकली होती, त्याचे पैसे होते. अतिवृष्टीचं अनुदान आलं ते बँकेनं कर्जात अडकवून ठेवलं. अन् माझ्या दुकानात काहून नाही आले तर म्हणे, 'तुह्या बापानं कधी मागितले नाही, तू पण मागितले नाही, मंग कोणतं तोंड घेऊन येऊ.' सिस्टरबाईनं लिहिलं होतं तेच, जसंच्या तसं.

मी म्हणलं मामा सोडले मी पैसे. तर चिडले हो! म्हणले मी काय भिकारी आहे का, वहीत राहू दे, मी नाही तर पोरगं देईल. मला हे अपेक्षितच नव्हतं. म्हणजे मी सोडायला तयार होईस्तोवर महिना गेला अन् समोरचा घ्यायलाच तयार नाही. गुरुजी, याच्यावर कुठं काही लिहिलंय का ते सांगा, कारण घेणं पण अवघड आहे वाटतं. घरी येताना माझ्या डोक्यात आलं की मी पण देवाला हेच म्हणतो की, सांभाळून घे, फेडतो.

शेवटी एवढं ठरलं की उधारीचा जो वाढीव दर मी लावला होता, रोखीचा वेगळा अन् उधारीचा वेगळा, त्या फरकाचे ६,१०० कमी केले. ते त्यांनी मान्य केलं कारण तो त्यांना हिशोब वाटला, दान नाही. बाकी दोन हंगामात. गोदाकाठ साहेब, माझा वाटा निघाला तेवढाच होता जवळपास, बाकी खरंच डिस्ट्रिब्युटरचेच.

@उघडा_डोळा युरिया मी ३१० ला विकला होता. इथं लिहितोय कारण दुसरीकडं लिहायची हिंमत नाही. छापील किमतीचा बोर्ड सोमवारी दुकानाबाहेर लावला, शेजारच्या दुकानदारानं फोन करून दोन शिव्या दिल्या. मागच्या गिऱ्हाईकांचं काय करू ते अजून ठरलं नाही, मशीनमध्ये नावं तर सगळी आहेत पण चौपट माझ्याच्यानं होणार नाही, एकपट पण एकदम होणार नाही. पुढच्या खरेदीत थोडं थोडं वळतं करावं असा विचार आहे. लिंकिंगचं डिस्ट्रिब्युटरला बोललो, तो हसला अन् म्हणला मग दुसरीकडून माल उचल.

उघडा_डोळा

बोर्डाचं बरं केलं. वळतं करताना पावतीवर लिहून दे, तोंडी नको.

पाथरीवाला

अन् पाळकसाहेबांची बाकी?

कृषीकेंद्रवाला

ती राहू दे सध्या 😄

सिस्टरबाई

मामांकडं चहा घेतलास का?

कृषीकेंद्रवाला

घेतला ताई. गुळाचा होता, कोरा. मामी दोनदा म्हणल्या की दूध संपलं, कालवड अन् तिची माय दोन्ही गेल्या बाजारात.